पंचावन्न मिनिटांचा प्रवास, पंच्याऐंशी मिनिटांची तयारी: रोजच्या एका बसप्रवासाचं प्रकरण

तिची हजेरी सकाळी ९ ची. मोबाइलवरचं प्रवासाचं अ‍ॅप सांगतं, घरातून ८.०५ ला निघा, ९ ला पोचाल. ती ७.३५ ला निघते, आणि तरीही महिन्यातून दोन-तीनदा तिला लेट मार्क लागतो. पंचावन्न मिनिटांच्या प्रवासासाठी पंच्याऐंशी मिनिटं हाताशी ठेवूनही उशीर होतो कसा, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न.

आधी एक खुलासा. ही ‘ती’ कुणी एक व्यक्ती नाही. बस बदलून कामावर जाणाऱ्यांच्या तक्रारी बऱ्याचशा सारख्याच असतात. त्या इथे एका प्रवाशाच्या नावावर मांडल्या आहेत आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे सोपे धरले आहेत. प्रयोगशाळेत नमुने तपासणारी तंत्रज्ञ, स्वतःचं वाहन नाही, घर आणि काम यांच्या मध्ये दोन बस, एवढी ओळख पुरे. शहर कुठलंही धरा.

घरापासून थांबा ७ मिनिटं चालत. तिथून पहिली बस, तिला ‘अ’ म्हणू, दर १२ मिनिटांनी. त्यात २२ मिनिटं. उतरून रस्ता ओलांडून दुसऱ्या थांब्यावर जायला ३ मिनिटं. तिथून ‘ब’ बस दर २० मिनिटांनी, म्हणजे ८.००, ८.२०, ८.४०. तिच्यात १४ मिनिटं आणि शेवटी ६ मिनिटं पायी.

अ‍ॅपचा हिशेब चोख आहे. ८.१२ ची ‘अ’ पकडा, ८.३४ ला उतरा, ८.३७ ला ‘ब’च्या थांब्यावर या, ८.४० ची गाडी घ्या, ८.५४ ला उतरा, ठीक ९ ला यंत्रावर बोट ठेवा. यात एकही मिनिट वाया जात नाही. आणि खोट इथेच आहे, कारण यात एकही मिनिट शिल्लकही राहत नाही.

तिने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हा हिशेब सोडून दिला. आता ती ७.४८ ची ‘अ’ धरते, ८.१३ ला ‘ब’च्या थांब्यावर येते, ८.२० ची गाडी घेऊन ८.४० ला पोचते. मग प्रयोगशाळेचं दार उघडेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर बसते. ७.४८ च्या गाडीसाठी ती थांब्यावर ७.४२ लाच असते, कारण गाडी कधीकधी दोन-चार मिनिटं आधीही येऊन जाते.

उशिराचा दिवस

ज्या दिवशी उशीर होतो तो दिवस साधारण असा असतो.

७.४२ ला थांब्यावर चार माणसं आहेत. ७.४८ होऊन जातात. ७.५५ पर्यंत माणसं फुटपाथवरून खाली रस्त्यावर आलेली असतात, आणि जो तो एक पाऊल पुढे जाऊन वळणाकडे बघत असतो. मोबाइलवर ‘२ मिनिटं’ दिसतंय, आणि ते बराच वेळ दोनच आहे. ८.०३ ला गाडी दिसते. एका बाजूला कललेली, दारात लोंबकळणारी माणसं. तिच्या मागे तीस-चाळीस पावलांवर दुसरी ‘अ’, आणि तिच्या काचांमधून रिकाम्या जागा स्पष्ट दिसतायत. वाहक दारातून ओरडतो, “मागची रिकामी आहे, मागच्या गाडीत बसा! ताई, चढू नका, मागे जा!”

कुणीही मागे जात नाही. थांब्यावरची माणसं अडाणी आहेत म्हणून नव्हे. प्रत्येकाने एकदा तरी वाहकाचं ऐकून पाहिलेलं आहे. पुढची गाडी थांब्यावर अडकलेली बघून मागची बाजूने काढून घेते आणि न थांबता निघून जाते, आणि ऐकणारा फुटपाथवर राहतो. तेव्हा सगळे पुढच्याच गाडीत घुसतात, ती आणखी वेळ खाते, आणि त्या दिवशीही मागची बाजूने निघून जातेच. वाहक खरं बोलतो, प्रवासी शहाणपणाने वागतात, आणि तरीही दोघांचा मिळून पचका होतो.

ती चढते. ८.२५ ला उतरते, ८.२८ ला ‘ब’च्या थांब्यावर. ८.२० ची गेलेली. ८.४० ची ८.४४ ला येते. ८.५८ ला उतरून ती जवळजवळ पळतच जाते, पण यंत्रावर ९.०४ उमटतात. घर सोडल्याला ८९ मिनिटं झालेली असतात.

दोन गाड्या एकदम का येतात

‘अर्धा तास एक नाही, मग एकदम दोन’ ही तक्रार बस जिथे जिथे धावते तिथे ऐकू येते, आणि बहुतेकांची समजूत अशी असते की चालक टपरीवर गप्पा मारत बसले होते. तसं कधी होत असेलही. पण कुणीही गप्पा मारल्या नाहीत तरी गाड्या जोडीने येऊ लागतात, आणि त्याचं कारण थांब्यावरच आहे.

बस थांब्यावर किती वेळ थांबणार, हे चढणाऱ्यांच्या संख्येवर ठरतं. समजा एखादी गाडी सिग्नलमुळे दोन मिनिटं मागे पडली. त्या दोन मिनिटांत पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमली. त्यांना चढवायला जास्त वेळ गेला, गाडी आणखी मागे पडली, त्यापुढच्या थांब्यावर आणखी जास्त माणसं जमली. तिच्या मागून येणाऱ्या गाडीचं नेमकं उलटं होतं: थांबे नुकतेच रिकामे झालेले, चढायला माणूस नाही, गाडी वेळेच्या आधी पुढे सरकते. शेवटी ती पुढचीला येऊन भिडते आणि तिथून पुढे दोघी सोबत जातात. गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं होतं. गाड्यांमधलं सारखं अंतर आपोआप टिकत नाही. ते कुणीतरी मुद्दाम टिकवावं लागतं.

आता ‘दर १२ मिनिटांनी बस’ या पाटीचा अर्थ बघा. गाड्या खरोखर बारा-बारा मिनिटांनी आल्या, तर वेळापत्रक न बघता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी ६ मिनिटं थांबावं लागेल. पण त्याच गाड्या जोडीने येऊ लागल्या, म्हणजे आधी २ मिनिटांचं अंतर, मग २२ चं, पुन्हा २, पुन्हा २२, तरी दोन गाड्यांमधलं सरासरी अंतर बाराच राहतं. पाटी खोटी ठरत नाही. प्रवाशाचं थांबणं मात्र सरासरी १० मिनिटांच्या वर जातं, कारण तो थांब्यावर येतो तेव्हा २२ मिनिटांच्या पोकळीत सापडण्याची शक्यता बारातली अकरा असते. ‘मलाच नेहमी उशीर का होतो’ असं जो म्हणतो त्याला नशिबाला दोष द्यायचं कारण नाही. मोठ्या पोकळीत माणसं जास्त सापडतात, इतकंच.

गर्दीचंही असंच. पुढच्या गाडीत ७०, मागच्या गाडीत १०. आगाराच्या कागदावर सरासरी ४० येते, म्हणजे गाड्या आरामात चालल्या आहेत. प्रवाशांना विचारलं, तुमच्या गाडीत किती माणसं होती, तर ८० पैकी ७० जण सत्तर सांगतील आणि उत्तरांची सरासरी साडेबासष्ट येईल. दोन्ही आकडे खरे आहेत. एक गाडीचा आहे, दुसरा माणसाचा.

तक्रारीला आलेलं उत्तर

तिने परिवहन सेवेकडे लेखी तक्रार केली: अमुक मार्ग, सकाळची वेळ, गाड्या जोडीने येतात, मधे वीसेक मिनिटं काही नाही. उत्तर आलं, आणि वेळेत आलं, हे नोंदवायला हवं. त्यात लिहिलं होतं की संबंधित तासात ठरलेल्या पाचही फेऱ्या सुटल्या होत्या, एकही रद्द झाली नव्हती, आणि प्रवाशांच्या सहकार्याबद्दल आभार.

हे उत्तर वाचून संताप येतो, पण ते टोलवाटोलवीचं उत्तर नाही. लिहिणाऱ्याने नोंदवही उघडली, पाच फेऱ्या दिसल्या, पाच लिहिल्या. नोंदवहीत तेवढंच मोजलं जातं. गाडी आगारातून किंवा पहिल्या थांब्यावरून सुटली की नाही, याची नोंद होते; सातव्या थांब्यावर ती कितव्या मिनिटाला आली आणि तिच्या पुढे-मागे काय होतं, याला रकानाच नाही. वेळेवर धावण्याचा टक्काही अनेक ठिकाणी काही मिनिटांची सूट देऊन काढतात. एक मिनिट लवकर ते पाच मिनिटं उशीर ही खूप वापरात असलेली मर्यादा. आपल्या प्रकरणात ‘ब’ चार मिनिटं उशिरा आली आणि तिचा लेट मार्क लागला. त्या मर्यादेत ती गाडी वेळेवर आहे.

मोजण्याची दुसरी पद्धत नाही असंही नाही. लंडनमध्ये तासाला पाच किंवा जास्त गाड्या असलेल्या मार्गांवर वेळापत्रकाशी तुलना सोडून दिली आहे. तिथे बघतात की प्रवाशाला प्रत्यक्ष किती थांबावं लागलं आणि गाड्या सारख्या अंतराने आल्या असत्या तर किती थांबावं लागलं असतं; या दोहोंतला फरक, म्हणजे जादा थांबणं, हे कामगिरीचं माप. आपली ‘अ’ दर १२ मिनिटांची, म्हणजे तासाला बरोबर पाच. त्या मापाने तिच्या थांब्यावरचं जादा थांबणं चार मिनिटांहून जास्त निघालं असतं आणि तक्रारीला ‘पाचही फेऱ्या सुटल्या’ हे उत्तर देता आलं नसतं.

तीन मिनिटांची वीस होतात

गाडी बदलावी लागणं हा या प्रवासातला सर्वांत नाजूक सांधा. एका बसचा प्रवास असता तर तीन मिनिटांचा उशीर हा तीन मिनिटांचाच उशीर राहिला असता. इथे ‘अ’ सात मिनिटं उशिरा आली तर काहीही होत नाही, फक्त छातीत धडधड होते. आठ मिनिटं उशिरा आली की वीस मिनिटं जातात. उशीर वाढत जात नाही, एकदम उडी मारतो. ‘उगाच किती लवकर निघतेस’ असं जे घरचे म्हणतात त्यांना ही उडी दिसत नाही, कारण सात मिनिटांपर्यंतचे सगळे दिवस बाहेरून सारखेच दिसतात.

त्यातही लवकर सुटलेली ‘ब’ ही उशिरा आलेल्या ‘ब’पेक्षा वाईट. उशिरा आलेली गाडी निदान मिळते. ८.२० ची ८.१९ ला सुटली आणि आपण रस्ता ओलांडत असलो, तर त्या एका मिनिटाची किंमत पुढच्या गाडीएवढी. नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा एक्स्प्रेस या रेल्वेमार्गावरची एक गाडी २० सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली, तेव्हा जगभर ती बातमी गमतीची म्हणून फिरली. तिथे तर पुढची गाडी चारच मिनिटांत होती. माझ्या मते त्या माफीत गमतीचं काही नव्हतं. उशीर अनेक कारणांनी होतो आणि त्यातली बरीच चालकाच्या हातात नसतात. लवकर सुटणं मात्र जवळजवळ नेहमी टाळता येतं.

हा सांधा जपता येतो, हे स्वित्झर्लंडने रेल्वेत करून दाखवलं आहे. १९८२ मध्ये त्यांनी देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याचं वेळापत्रक आणलं आणि डिसेंबर २००४ मध्ये त्याचा फार मोठा टप्पा पुरा केला. मोठ्या स्थानकात वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या तासाचा ठोका पडण्याच्या थोड्या आधी येतात, माणसं फलाट बदलतात, आणि ठोक्यानंतर गाड्या पांगतात. त्यासाठी नवा मार्ग बांधून झुरिक ते बर्न हा प्रवास ५६ मिनिटांवर आणला. तो ६४ मिनिटांचा राहिला असता तर पुढच्या गाडीचा मेळ बसला नसता. आणखी पैसे ओतून ४८ चा केला असता तर प्रवासी उरलेला वेळ फलाटावरच बसला असता. गाडी किती वेगाने जावी हे तिथे पुढच्या गाडीवरून ठरवलं.

शहरातल्या बसला हे जसंच्या तसं लागू होत नाही, रस्ता तिच्या एकटीच्या मालकीचा नसतो. पण ८.१८ ला ‘अ’तून उतरून रस्ता ओलांडणारी दहा माणसं ‘ब’च्या चालकाला ८.२० ला दिसत असतील, तर त्याने मिनिटभर थांबावं की नाही, एवढं तरी कुणीतरी ठरवून ठेवायला हवं. तिच्या थांब्यावर ते चालकाच्या स्वभावावर आहे. एक चालक थांबतो. तो कोणत्या पाळीला असतो हे तिला पाठ आहे.

पडद्यावरची बस

‘२ मिनिटं’ दाखवणारा मोबाइल हा नवा त्रास. जुन्या काळी थांब्यावर उभा असलेला माणूस अज्ञानात होता. आता त्याला चुकीचं ज्ञान असतं, आणि ते जास्त छळतं.

बसचं वेळापत्रक यंत्राला वाचता येईल अशा एकाच साच्यात लिहायची सुरुवात २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या सेवेने आणि गूगलने मिळून केली. त्या साच्याला जीटीएफएस म्हणतात आणि आज जगभर बहुतेक अ‍ॅप्स त्यावर चालतात. त्यात मुळात गाडी कुठे असायला हवी हे असतं. गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ही माहिती वेगळ्या वाटेने, गाडीवरच्या उपकरणातून येते. ही दुसरी वाट बंद पडली तर काही अ‍ॅप्स मुकाट पहिल्या माहितीवर येतात. मग आगारातून न निघालेली फेरीसुद्धा पडद्यावर मिनिटं मोजत मोजत जवळ येते, ‘आली’ म्हणते आणि नाहीशी होते. रस्त्यावर काहीच नसतं. अशा गाडीला प्रवासी भुताची बस म्हणतात ते बरोबरच आहे.

तिने यावर काढलेला तोडगा साधा. मिनिटांचा आकडा कसा हलतोय ते बघायचं. नकाशावर गाडीचं चिन्ह सरकतंय, सिग्नलला थांबतंय, तर गाडी खरी. चिन्ह नाही आणि आकडा घड्याळासारखा सुरळीत उतरतोय, तर ते नुसतं वेळापत्रक. त्यावर भरवसा नाही. चिन्ह आहे आणि आकडा दोनवरच अडकलाय, तर गाडी आहे, पण कोंडीत आहे.

राखून ठेवलेला वेळ

या सगळ्यातून तिची अर्ध्या तासाची आगाऊ तयारी आली. रस्तेवाहतुकीच्या अभ्यासात याला माप आहे: शंभरातल्या ९५ वेळा पुरेल एवढा वेळ काढायचा, त्यातून सरासरी वेळ वजा करायचा, उरतो तो राखीव वेळ. शंभरातून पाच वेळा न पुरणं म्हणजे वीस कामाच्या दिवसांत एकदा, महिन्याला एक लेट मार्क. तिला दोन-तीन लागतात. म्हणजे तिची पंच्याऐंशी मिनिटंसुद्धा या मापाला उतरत नाहीत; ती याहून आधी निघायला हवी होती. ७.३६ ची ‘अ’ धरली तर आणखी बारा मिनिटं गेली.

हा राखीव वेळ कुणाच्याच हिशेबात येत नाही. परिवहन सेवेच्या लेखी तिचा प्रवास ३६ मिनिटांचा, दोन्ही बसमध्ये बसून काढलेला. अ‍ॅपच्या लेखी ५५ चा. प्रयोगशाळेच्या लेखी ती ९ ला येते, आधी कठड्यावर बसते ते तिचं तिने बघावं. आणि तो वेळ मोकळा म्हणावा तर तसाही नाही: चांगल्या दिवशी वाचलेली वीस मिनिटं कामाच्या दारात मिळतात, घरी नाही. ती झोपेत घालता येत नाहीत, डबा करण्यात घालता येत नाहीत. वाहतूक नियोजनात थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांएवढं जड धरण्याची रीत आहे. कठड्यावरच्या मिनिटाला मात्र कुणी वजन दिलेलं मला दिसलेलं नाही.

संध्याकाळचं थोडक्यात. परतताना यंत्र नसतं, म्हणून उशीर झाला तरी त्याचा कागद होत नाही. आठनंतर ‘ब’ अर्ध्या तासाने धावते, ती चुकली की चुकली. त्यामुळे काम संपल्यावर ‘दोन मिनिटं थांब गं’ या विनंतीला ती नाही म्हणते, आणि सहकाऱ्यांत तुसडी म्हणून ओळखली जाते.

तिच्यापुढचे रस्ते

दुचाकी घ्यावी हा सल्ला सगळेच देतात. दुचाकीवर हे अंतर तासाच्या आत सहज होतं, कोंडी तिथेही लागते, पण गल्ली बदलायची की थांबायचं हे आपल्या हातात राहतं. बसप्रवासात नेमकं तेच नसतं. तिला चालवण्याची भीती वाटते आणि हप्ते परवडत नाहीत, म्हणून हा रस्ता सध्या बंद. पण तिच्यासारखे जे घेतात, त्यांच्या जाण्याने मागे राहिलेल्यांचं काय होतं हेही बघायला हवं. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलं की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, आणि त्यामुळे जुन्या प्रवाशांचंही थांबणं कमी होतं. हे चाक उलटंही फिरतं. माणसं गेली की फेऱ्या कापतात, थांबणं वाढतं, आणखी माणसं जातात. ‘ब’ एके काळी दर पंधरा मिनिटांनी होती, असं थांब्यावरचे जुने लोक सांगतात.

परिवहन सेवेला करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यात नव्या गाड्या घेणं पहिलं नाही. चढायला लागणारा वेळ कमी करणं हे जोडगाड्यांवरचं थेट औषध. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९९१ मध्ये नळीसारखे बंद थांबे बसवले, त्यात तिकीट आधीच काढायचं आणि गाडीच्या फरशीच्या उंचीवरूनच आत जायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बससेवेने २०१२ मध्ये सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली, त्याला तर बांधकामही लागलं नाही. दुसरा उपाय म्हणजे मधल्या एखाद्या थांब्यावर पुढे आलेली गाडी दोन-तीन मिनिटं धरून ठेवणं. यात एक अडचण आहे आणि ती लपवू नये: धरलेल्या गाडीत बसलेल्या माणसांना हे अजिबात आवडत नाही. आपली गाडी उगाच उभी आहे, चालक खाली उतरून उभा आहे, हे दिसतं. त्यामुळे पुढच्या थांब्यांवरच्या लोकांचं थांबणं कमी झालं, हे दिसत नाही. शिव्या दिसणाऱ्या गोष्टीला पडतात. म्हणून हा उपाय कागदावर असतो आणि रस्त्यावर गुंडाळला जातो.

तिने स्वतः शोधलेला रस्ता मात्र कामाचा निघाला, आणि तो अ‍ॅपने कधीच सुचवला नव्हता. घरापासून १९ मिनिटं चालत गेलं की मोठा रस्ता लागतो. तिथून दर ८ मिनिटांनी थेट बस आहे, तिच्यात ३१ मिनिटं, पुढचं चालणं तेच सहा. थांब्यावर सरासरी चार मिनिटं धरली तर एकूण ६०. अ‍ॅप सर्वांत कमी वेळाचा प्रवास वर दाखवतं, म्हणून ५५ चा पहिला येतो आणि ६० चा खाली बुडतो. पण इथे सांधाच नाही. गाड्या जोडीने येऊन सोळा मिनिटांची पोकळी पडली, तरी एकूण ७२ होतात. ७.४५ ला निघालं की साधारण ८.४५ ला पोचता येतं आणि वाईट दिवशीही ८.५७ ला. पहिल्या प्रवासात वाईट दिवशी ७.३५ ला निघून ९.०४ झाले होते.

या रस्त्यालाही कुरबुरी आहेतच. फुटपाथ अर्ध्यावर संपतो. थेट बस तिच्या थांब्यावर येईपर्यंत भरलेली असते आणि कधी न थांबताच जाते, तेव्हा आणखी आठ मिनिटं. पावसात एकोणीस मिनिटं चालून ओल्या कपड्यांनी प्रयोगशाळेत उभं राहणं जमत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत थेट बस आणि पावसाच्या दिवसांत पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’, असं तिने ठरवलं.

सर्वांत स्वस्त उपाय वाहतुकीच्या बाहेरचा होता. तिने पर्यवेक्षकांना हजेरीत दहा मिनिटांची सूट मागितली, ९.१० पर्यंत. संध्याकाळी तेवढं जास्त थांबेन म्हणाली, म्हणजे परतीच्या ‘ब’चा हिशेबही तिने आधी करून ठेवला होता. दहा मिनिटांनी काय होतं? ८.४० ची ‘ब’ आता तिला चालते. ती चार मिनिटं उशिरा आली तरी ९.०४ ला पोचून भागतं. त्या गाडीसाठी ७.४८ ऐवजी ८ ची ‘अ’ धरायची, आणि ती १४ मिनिटं उशिरा आली तरी ८.३९ ला ती ‘ब’च्या थांब्यावर असते. घरून निघायचं ७.४७ ला. प्रयोगशाळेने दिलेल्या दहा मिनिटांतून तिला सकाळची बारा मिनिटं घरात मिळाली, आणि सांध्यावरची उसंत सातवरून पंधरा मिनिटांवर गेली. यात एकही बस वाढवावी लागली नाही.

पर्यवेक्षक आधी म्हणाले, तुला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. मग त्यांच्या लक्षात आलं की सकाळी नमुने गोळा करून आणणारी गाडीच सव्वानऊच्या आधी येत नाही. त्यांनी सूट दिली, पण तोंडी. यंत्रातली वेळ मुख्य कचेरीतून बदलावी लागते, आणि तो अर्ज तिकडे पडून आहे. तोवर ९ नंतरच्या प्रत्येक ठशावर लेट मार्क उमटतो, आणि महिनाअखेरीला ती तो कागद घेऊन पर्यवेक्षकांकडे सह्या घ्यायला जाते.